हॅकल प्लायर्स: कोणते निवडावेत आणि पीस न तुटता कसे वापरावेत?

पाणकोंबडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मासेमारीसाठी फ्लाय (गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेले कृत्रिम कीटक) बांधण्याच्या साधनांपैकी व्हाइस (गळ पकडून ठेवणारा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे साधन) आणि कात्री यांच्याविषयी भरभरून चर्चा होते, पण हॅकल प्लायर्सचा, म्हणजे पीस गुंडाळताना ते धरणाऱ्या चिमट्याचा, विषय ‘कोणतेही चालतील’ या एका वाक्यात उरकला जातो. माझा अनुभव तसा नाही. १४ क्रमांकाच्या गळापर्यंत माझे काम सुरळीत चालते. त्याहून लहान, म्हणजे १६ किंवा १८ क्रमांकाच्या गळावर ड्राय (पाण्यावर तरंगणाऱ्या) फ्लायसाठी कोंबड्याच्या मानेचे पीस गुंडाळायला घेतले, की एकतर पिसाचे टोक चिमट्यातून निसटते किंवा जबड्याच्या कडेशी पिसाचा कणा तुटतो.

माझ्याकडे वाकवलेल्या स्प्रिंग तारेचे, ज्यांना इंग्लिश पद्धतीचे म्हणतात ते, साधे प्लायर्स आहेत. आता फिरत्या दांड्याचे घ्यावेत, एका जबड्याला रबर लावलेले घ्यावेत, की आहेत तेच नीट वापरायला शिकावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

नेढे

बोटे वापरावीत. ती सर्व दिशांना फिरतात, त्यांना मऊ अस्तर आहे आणि ती टेबलाखाली हरवत नाहीत.

शेवटचा_वेढा

नेढे, विनोद मान्य आहे आणि लांब सॅडल पिसाच्या बाबतीत तो सल्ला म्हणूनही मान्य आहे. कोंबड्याच्या पाठीवरचे लांब सॅडल पीस एका फ्लायला वापरूनही पुष्कळ उरते, त्यामुळे ते बोटांनी धरून सहज गुंडाळता येते. मानेवरच्या केपमधले (पिसांसकट काढलेल्या मानेच्या कातड्यातले) पीस मुळात आखूड असते. शेवटचे दोन वेढे उरतात तेव्हा हाताशी जेमतेम टोक राहते आणि ते बोटांत धरले तर गळाचे नेढेच झाकले जाते. चिमट्याची खरी गरज तिथे आहे.

मेणदोरा

धागाकर्त्यांनी दोन तक्रारी एका दमात मांडल्या आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत, कारण त्यांवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. पीस निसटते तेव्हा पकड कमी पडत असते. पीस तुटते तेव्हा बहुतेक वेळा पकड जास्त झालेली नसते, तर जबड्याची कड धारदार असते. एकाच चिमट्यात हे दोन्ही दोष असू शकतात आणि स्वस्तातल्या तारेच्या चिमट्यांत ते बऱ्याचदा असतात.

तपासणी सोपी आहे. रिकामा चिमटा मिटलेल्या स्थितीत दिव्यासमोर धरून जबड्यांमधून उजेड दिसतो का ते पाहावे. जबडे मागच्या बाजूला टेकत असतील आणि पुढच्या टोकाशी फट राहत असेल, तर पिसाचे बारीक टोक त्या फटीत नुसते ठेवलेले असते, धरलेले नसते. तारेचे जबडे काळजीपूर्वक वाकवून ती फट घालवता येते. त्यानंतर बांधणीचा बारीक दोरा जबड्यांत धरून हळूहळू वेगवेगळ्या कोनांत ओढून पाहावा. एखाद्या कोनात दोरा पिंजला किंवा तटकन तुटला, तर तिथे कड आहे असे समजावे. अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी दुमडून जबड्यांच्या बाहेरच्या कडांवर फिरवावी, म्हणजे कड गोलसर होते. पॉलिश पेपर आतल्या सपाट भागावर मात्र फिरवू नये. तो गुळगुळीत झाला की निसटण्याची तक्रार दुपटीने परत येते.

आता वापराविषयी. इंग्लिश पद्धतीच्या चिमट्यात दोन्ही बाजू दाबल्या की जबडे उघडतात आणि सोडल्या की मिटतात. पीस हातून जाईल या भीतीने नवखा माणूस चिमटा घट्ट आवळतो आणि नेमक्या त्याच दाबाने जबडे किंचित उघडतात. हा चिमटा बाजूंनी धरायचाच नसतो. मागच्या गोल कड्यात तर्जनी अडकवून तो नुसता ओढत न्यायचा असतो. पकडीचे काम स्प्रिंगवर सोपवायचे.

पाणकोंबडा (धागाकर्ता)

मेणदोरा, मनःपूर्वक आभार. दिव्यासमोर धरल्यावर टोकाशी फट स्पष्ट दिसली. जबड्याला प्लास्टिकची नळी चढवावी असेही वाचनात आले होते. त्याविषयी आपले मत काय?

मेणदोरा

उष्णतेने आकसणारी, विजेच्या तारांवर चढवतात ती बारीक नळी एका जबड्यावर जरूर चढवावी. दोन्ही जबड्यांवर चढवू नये. एक बाजू मऊ आणि दुसरी कठीण असली की कणा मऊ बाजूत किंचित रुततो आणि तिथेच अडकून राहतो.

बारीक_काम

येथे माझा मतभेद आहे. १२ किंवा १४ क्रमांकासाठी नळी उत्तम आहे. १८ क्रमांकावर जबड्याची वाढलेली जाडी आड येते, शेवटच्या वेढ्याला नळी नेढ्याशी घासते आणि दोरा नेमका कुठे पडतो आहे ते दिसत नाही. शिवाय व्हार्निशचे ओघळ त्या नळीवर बसून ती गुळगुळीत होते आणि साफ करायला ॲसिटोन वापरावे तर नळी किंवा रबर खराब होण्याची भीती असते. लहान गळांसाठी मला इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वापरतात तसा, मागचे बटण दाबले की पुढे बारीक तारेचा आकडा बाहेर येणारा, चाचणीचा क्लिप अधिक भावतो. त्याचे तोंड अरुंद असते, वजन नगण्य असते आणि पकड स्प्रिंगने आपोआप बसते. जाड कण्यावर तो नीट बसत नाही हे खरे. पण १८ क्रमांकाच्या पिसाला जाड कणा असतोच कुठे?

शेवटचा_वेढा

त्या हलक्या क्लिपचा एक तोटा लिहायचा राहिला. वेढे पूर्ण झाल्यावर पीस दोऱ्याखाली बांधताना चिमटा क्षणभर सोडून द्यावा लागतो. चिमटा वजनदार असेल तर तो लोंबकळत राहून पीस ताणलेले ठेवतो. क्लिप इतका हलका असतो की पीस सैल पडून अर्धा वेढा उलगडतो. फार जड चिमटा बारीक कणा तोडतो, हेही तितकेच खरे. वजनाचा विचार पिसाच्या कण्याप्रमाणे करावा लागतो आणि विक्रीच्या वर्णनात वजन क्वचितच लिहिलेले असते.

बारीक_काम

मी चिमटा सोडतच नाही. उजव्या हाताने पीस नेढ्याच्या वर ताणून धरायचे आणि डाव्या हाताने बॉबिन त्याच्यावरून दोनदा, घट्ट न्यायची. थोडा सराव लागतो, पण मग वजनाचा प्रश्न उरत नाही.

उलटसुलट

पीस तुटण्याच्या आणखी एका कारणाचा उल्लेख कोणीच केलेला नाही: पीळ. चिमटा हातात एकाच स्थितीत घट्ट धरून गळाच्या दांडीभोवती फिरवला, तर प्रत्येक वेढ्यागणिक पिसाला एक पूर्ण पीळ बसतो. चार-पाच वेढ्यांत कण्याची दोरी होते, तंतू सरळ बाहेर न फाकता मागे-पुढे तिरपे होतात आणि टोकाशी, जिथे कणा सर्वांत बारीक आहे, तिथे तो तुटतो. धागाकर्त्यांचे पीस पहिल्या वेढ्याला तुटते की शेवटच्या, हे त्यांनी पाहावे. शेवटच्या वेढ्यांत तुटत असेल तर पिळावर संशय घ्यायला हरकत नाही.

फिरत्या दांड्याचे प्लायर्स याच कारणासाठी बनवलेले आहेत. मूठ हातात राहते आणि जबड्यांचा भाग स्वतःभोवती मोकळा फिरतो, त्यामुळे पीळ साठत नाही. माझ्या मते धागाकर्त्यांनी तेच घ्यावेत.

मेणदोरा

कारण अचूक सांगितले आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा वाटतो. कड्यात तर्जनी सैल अडकवली तर साधा चिमटाही बोटाभोवती आपणहून फिरतो. आणि ज्यांच्याकडे फिरता व्हाइस आहे त्यांनी चिमटा स्थिर धरून गळच फिरवावा. मग रिळावर फीत चढावी तसे पीस सपाट चढते आणि पिळाचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी गळाची दांडी व्हाइसच्या फिरण्याच्या अक्षावर बरोबर बसवलेली हवी, नाहीतर गळ वरखाली हेलकावे खातो आणि ताण दर फेरीत कमीजास्त होतो.

उलटसुलट

माझ्या फिरत्या प्लायर्सच्या जबड्यांची पकड तारेच्या चिमट्यापेक्षा चांगली आहे, म्हणूनही मी ते सुचवले. पण सांधा मोकळा फिरतो की नाही हे घेण्याआधी जरूर पाहावे. सांधा जड असेल तर पैसे फिरण्याचे आणि काम साध्या चिमट्याचे, असे होते.

तळ्याकाठी

इतका वेळ सर्वजण चिमट्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत आहेत, म्हणून पिसाची साक्ष काढतो.

केप जुनी झाली, कोरड्या हवेत उघडी राहिली, की पिसांचे कणे ठिसूळ होतात. असे पीस कोणत्याही चिमट्यात तुटेल. पीस बोटांनी हळूच अर्धगोल वाकवून पाहावे. कणा एकसारखा वळायला हवा, मध्येच कोपरा पडता कामा नये. कोपरा पडत असेल तर बांधण्याआधी केप काही वेळ दमट हवेत ठेवावी किंवा लागणारी पिसे ओलसर कागदात गुंडाळून ठेवावीत. कण्यात पुन्हा लवचिकपणा येतो. मोराच्या पिसाचे सोललेले तंतू शरीराच्या भागावर गुंडाळण्याआधी पाण्यात भिजवतात, त्यामागेही हेच कारण आहे.

दुसरे असे की १६ किंवा १८ क्रमांकासाठी निवडलेले पीस खरोखर त्या मापाचे आहे का? तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या (दांडी आणि टोक यांमधल्या अंतराच्या) साधारण दीडपट असावी, हा ड्राय फ्लायचा नेहमीचा ठोकताळा आहे. केपमध्ये लहान पिसे डोक्याकडच्या टोकाला असतात आणि ती आखूडही असतात. मोठ्या पिसाचे टोक लहान गळासाठी वापरले, तर सबंध काम कण्याच्या सर्वांत नाजूक भागावर येऊन पडते.

तिसरे म्हणजे, बांधण्याआधी पिसाच्या बुडाकडचे मऊ, पिंजारलेले तंतू काढून थोडा कणा मोकळा ठेवावा आणि पहिला अर्धा वेढा त्या मोकळ्या कण्याचाच होऊ द्यावा. काही पिसांचा कणा गोल नसून चपटा असतो. तो आपली सपाट बाजू शोधत पहिल्या वळणाला लोळतो. तंतू सुरू होण्याआधी त्याला लोळून स्थिर होऊ दिले की पुढचे वेढे नीट उभे राहतात.

नेढे

तळ्याकाठी यांच्या साक्षीनंतर चिमट्याला जामीन मंजूर करण्यात यावा.

पाणकोंबडा (धागाकर्ता)

उलटसुलट यांच्या प्रश्नाचे उत्तर: तुटणे जवळजवळ नेहमीच पहिल्या किंवा दुसऱ्या वेढ्याला होते, म्हणजे माझ्या बाबतीत पीळ हे मुख्य कारण नसावे. निसटणे मात्र शेवटी होते. आणखी एक शंका आहे. पीस जबड्यांत कोणत्या दिशेने धरावे? मी ते आडवे धरतो, म्हणजे कणा जबड्यांच्या एका बाजूने बाहेर येतो. सरळ, जबड्यांच्या रेषेत धरले की ते लगेच निसटते.

मेणदोरा

हेच महत्त्वाचे आहे आणि बहुधा आपले उत्तरही याच्यातच आहे. पीस आडवे धरून चिमटा कड्याने ओढला की कण्याला जबड्याच्या कडेवर काटकोनात वळावे लागते. त्या वळणामुळे पकड घट्ट होते, पीस निसटत नाही; पण सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि कड जरा धारदार असली तरी कणा तिथे तुटतो. सरळ धरले तर वळण नसते, म्हणून तुटणे कमी आणि निसटणे जास्त. टोकाशी फट असलेल्या चिमट्यात सरळ धरलेले पीस टिकणार नाही, म्हणून आपला हात आपोआप आडव्या पकडीकडे गेला असावा. आधी फट घालवा, कड गोल करा आणि मग पीस सरळ धरून पाहा.

बारीक_काम

सहमत. त्याला एक पुरवणी जोडतो. पिसाच्या अगदी शेंड्याला धरू नये. शेंड्यापासून तीन-चार मिलिमीटर आत धरले तर तेवढी लांबी वाया जाते खरी, पण तिथला कणा लक्षणीय मजबूत असतो. आखूड पिसात ही लांबी परवडत नसेल, तर एक वेढा कमी घ्यावा. पंखांच्या मागे दोन आणि पुढे तीन वेढे नीट उभे असले तर १८ क्रमांकाची फ्लाय पाण्यावर तरंगते.

शेवटचा_वेढा

पुढे तीन? मी चारच्या खाली येत नाही. वाहते, खळाळते पाणी असेल तर तीन वेढ्यांची फ्लाय लवकर भिजते.

बारीक_काम

संथ पाण्यासाठी तीन, खळाळत्या पाण्यासाठी चार. वाद मिटला असे समजू या.

तित्तीर

येथे सर्वजण कोरड्या फ्लायविषयी बोलत आहेत, म्हणून ओल्या, म्हणजे पाण्याखाली वापरायच्या, फ्लायचा अनुभव लिहिते. मी मुख्यतः तित्तिराच्या मऊ पिसांचे सॉफ्ट हॅकल बांधते. त्या पिसाचा कणा शेंड्याकडे फार नाजूक आणि बुडाकडे झपाट्याने जाड होत जातो. म्हणून मी पीस शेंड्याकडून गळाला बांधते आणि चिमट्यात बुडाकडचा जाड भाग धरते. चिमट्याशी तुटण्याचा प्रश्न त्यामुळे संपतोच. वेढेही एक-दोनच घ्यायचे असतात. इथे अरुंद तोंडाचा क्लिप निरुपयोगी ठरतो. रुंद, सपाट जबड्यांचा, एका बाजूला रबर असलेला चिमटा सर्वांत चांगला.

मोराच्या पिसाचे तंतू गुंडाळायचे असतील तर ते एकेकटे चिमट्यात धरू नयेत. तीन-चार तंतू बांधणीच्या दोऱ्याबरोबर एकत्र पिळून त्यांची दोरी करावी आणि ती चिमट्यात धरावी. इथे पीळ मुद्दाम हवा असतो, त्यामुळे उलटसुलट यांचे फिरते प्लायर्स नेमके याच कामाला नडतात.

उलटसुलट

तित्तीरताई, मान्य. त्या कामासाठी सांध्यावर बोट दाबून ठेवतो, पण ती कसरतच आहे.

दोन_रंग

ॲडम्स ही फ्लाय बांधताना मला वेगळीच अडचण येते. तिच्यात तपकिरी आणि ठिपकेदार करडे अशी दोन पिसे मिसळलेली असतात. दोन्ही एकाच चिमट्यात धरून एकदम गुंडाळावीत, की एकामागून एक?

शेवटचा_वेढा

एकामागून एक. दोन पिसांच्या कण्यांची जाडी सारखी नसते, त्यामुळे प्रत्येक वेढ्याला लागणारी लांबीही थोडी वेगळी पडते. एकदम गुंडाळली तर दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्याला एक पीस ताठ आणि दुसरे सैल होते. ताठ असलेले तुटते किंवा सैल असलेले निसटते. पहिले पीस थोडी जागा सोडत गुंडाळावे. दुसरे त्या फटींतून नेताना चिमटा डावीकडे-उजवीकडे किंचित डोलवत न्यावा, म्हणजे पहिल्या पिसाचे तंतू खाली दबत नाहीत.

अवांतर: लेन हॅलाडे यांनी १९२२ मध्ये मिशिगनमधील बोर्डमन नदीसाठी ही फ्लाय बांधली, तेव्हापासून हे दोन रंग असेच चालत आले आहेत. पॅराशूट पद्धतीची ॲडम्स हे नंतरचे रूप आहे.

तळ्याकाठी

पॅराशूटचा विषय निघालाच आहे तर लिहितो. तिथे पीस गळाच्या दांडीभोवती नव्हे, तर उभ्या खुंटाभोवती आडवे गुंडाळायचे असते आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली यावा लागतो. लांब दांड्याचा चिमटा व्हाइसच्या जबड्याला सारखा आपटतो, म्हणून तिथे आखूड चिमटा असावा.

पाणकोंबडा (धागाकर्ता)

बारीक पॉलिश पेपरने कडा गोल केल्या, जबडे वाकवून टोकाची फट घालवली आणि एका जबड्यावर नळी चढवली आहे. १६ क्रमांकावर पीस सरळ धरूनही निसटत नाही. १८ क्रमांकावर बारीक_काम म्हणाले तसेच झाले: नळी नेढ्याशी घासते आणि शेवटचा वेढा दिसत नाही. तेव्हा मूळ प्रश्न आता थोडा बदलून विचारतो. दुसरा चिमटा घ्यायचाच असेल, तर तो कोणता?

बारीक_काम

१८ आणि त्याहून लहान गळांसाठी क्लिप. १६ पर्यंत आहे तोच.

उलटसुलट

फिरते प्लायर्स, पण सांधा तपासून. फिरता व्हाइस असेल तर माझे मत रद्द समजावे.

पाणकोंबडा (धागाकर्ता)

व्हाइस फिरता आहे.

उलटसुलट

मग माझे मत रद्द.

तित्तीर

ओल्या फ्लाय पुढेमागे बांधणार असाल तर रुंद जबड्यांचा. केवळ ड्राय फ्लाय बांधणार असाल तर बारीक_काम यांचेच ऐकावे.

मेणदोरा

क्लिप घ्यावा. मात्र त्याच्या तारेचा आकडा पूर्ण आत जातो का, हे बटण दाबून-सोडून पाहावे. आकडा थोडा बाहेर राहत असेल तर पिसाचे टोक त्यात पकडले जाणार नाही. आणि शेवटचा_वेढा यांनी वजनाची जी अडचण सांगितली, तिच्यावर उपाय आहे: क्लिपच्या मागच्या टोकाला शिशाच्या तारेचे दोन-तीन वेढे देऊन वर ती उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. लोंबकळताना तेवढे वजन पुरते, आणि जास्त वाटले तर एक वेढा काढून टाकता येतो.

दोन_रंग

मी डावखुरा आहे. कड्यात तर्जनी अडकवून ओढण्याची पद्धत डाव्या हाताने तशीच चालेल का?

मेणदोरा

चालेल. व्हाइसमध्ये गळ उलट्या बाजूला तोंड करून बसवत असाल, तर वेढ्यांची दिशाही आरशातल्यासारखी उलटी ठेवावी. दोरा आणि पीस यांच्या वेढ्यांची दिशा एकच राहिली म्हणजे झाले.